मुलतानचा आदित्य आणि त्यास वाहिलेले द्रव्य

राजापूर तालुक्यात समुद्रकाठी कशेळी गावी श्रीकनकादित्याचे पुरातन देवालय आहे, हे आमच्या ज्ञातिबांधवांपैकी अनेकांस ठाऊक असेलच. गेल्या रथसप्तमीस आमचे तेथे जाणे घडले. निमित्त एका जुन्या नवसाचे होते. आमच्या मातोश्रींची दृष्टी उतारवयात मंद झाली, तेव्हा पुन्हा दिसू लागल्यास आदित्यास चांदीचे डोळे वाहीन, असे त्या बोलून बसल्या होत्या. पुढे शस्त्रक्रिया होऊन त्यांस पोथी वाचता येण्याइतके दिसू लागले. सोनाराकडून डोळेही घडवून आणिले. परंतु आधी शाळेच्या परीक्षा, मग पावसाळा, मग कोणाचे तरी लग्न, असे करता करता मातोश्री निवर्तल्या आणि ती डबी देव्हाऱ्याच्या खणात एकवीस वर्षे तशीच पडून राहिली. दोष सर्वस्वी आमचा.

अखेर डोळे वाहिले, अर्घ्य दिले, नारळ फोडला व प्रसाद घेऊन परत निघालो. सोबत पुतण्याची कन्या होती. ती यंदा सातवीत आहे. वाटेत तिने विचारिले, "आजोबा, देवाला तर सगळंच दिसतं. मग ते डोळे आता कोणाकडे जाणार?" आम्ही तिला, देवाच्या बाबतीत असे विचारू नये, म्हणून गप्प केले. चाळीस वर्षे वर्गात मुलांना "विचारा, विचारा" म्हणून सांगत आलेल्या माणसाने हे करावे, याची घरी आल्यावर आमची आम्हांसच लाज वाटली. देवास वाहिलेले पुढे कोणाकडे जाते, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधू गेल्यास आपल्या देशातील एका सूर्यमंदिराइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ते मंदिर मुलतानचे. आज तेथे जाणे आपणांस दुर्घट आहे. १९४७ पासून ते नगर परदेशात आहे आणि मंदिराची तर वीटही शिल्लक नाही. तथापि बाराशे वर्षांपूर्वी भरतखंडातील यात्रेकरू सूर्यदर्शनास म्हणून निघाला, की त्याच्या मनात प्रथम मुलतानच येत असे.

मुलतान हे मूलस्थान या संस्कृत नावाचे रूप होय. काश्यपपूर, हंसपूर, भगपूर, सांबपूर अशी त्याची आणखी जुनी नावे अल्बेरूणीने नोंदविली आहेत. सांबाची कथा पुराणांतरी प्रसिद्धच आहे. श्रीकृष्ण व जांबवती यांचा हा पुत्र शापाने कुष्ठग्रस्त झाला. त्याने चंद्रभागेच्या तीरी सूर्याची आराधना केली, तो रोगमुक्त झाला, आणि स्नान करिताना त्यास नदीच्या प्रवाहात सूर्याची मूर्ती सापडली. ही चंद्रभागा म्हणजे पंजाबातील चिनाब. आमच्या पंढरीच्या वाळवंटात नाचणाऱ्या वारकऱ्यास चंद्रभागा म्हणजे भीमा; कोणार्कच्या यात्रेकरूस चंद्रभागा म्हणजे समुद्रकाठचे एक तीर्थ, जेथे माघ सप्तमीस मोठा स्नानमेळा भरतो आणि सांबाची हीच कथा सांगितली जाते. एक नदी तीन ठिकाणी कशी वाहते, हे भूगोलाच्या शिक्षकास विचारू नये. भाविक आपली तीर्थे सोबत घेऊन हिंडतो, एवढेच आम्ही म्हणू.

या कथेतील पुढचा भाग मात्र कीर्तनात सहसा येत नाही, आणि आमच्या विषयास तोच महत्त्वाचा आहे. मंदिर उभे राहिले, मूर्ती स्थापिली, पण पूजेस कोणी ब्राह्मण तयार होईना. कारण देवास वाहिलेल्या द्रव्यावर जो उपजीविका करितो तो देवलक, आणि देवलकास धर्मशास्त्राने निंद्य मानिले आहे. तेव्हा सांबाने शाकद्वीपातून मग नावाच्या ब्राह्मणांची अठरा कुळे आणून त्यांजकडे पूजा सोपविली, असे भविष्यपुराण सांगते. हे मग म्हणजे इराणातून आलेले सूर्योपासक पुरोहित, असे इतिहासकार मानतात. सहाव्या शतकातील वराहमिहिरानेही सूर्याची प्रतिष्ठा मगांकडून करवावी असे लिहिले असून, सूर्यमूर्तीस उत्तरेकडील वेष असावा, पायांपासून छातीपर्यंतचे अंग झाकलेले असावे, असे सांगितले आहे. आपल्याकडील जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंत जोडे का दिसतात, असा प्रश्न ज्यांस पडला असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तात्पर्य, देवाचे कोणी खावे हा आमच्या पुतण्याच्या कन्येचा प्रश्न मुलतानच्या मंदिराइतकाच जुना आहे. किंबहुना मंदिराचा पाया घातला गेला तोच या प्रश्नावर.

इ. स. ६४१ च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग मुलतानास आला. तो बौद्ध भिक्षू. त्या नगरात बुद्धाचे अनुयायी थोडे आणि विहार बहुतेक पडके, हे त्याने खेदाने लिहून ठेविले आहे. म्हणजे सूर्यमंदिराची स्तुती करण्याचे त्यास काही कारण नव्हते. तरीही त्याने जे लिहिले आहे ते वाचून आजही आपण थबकतो. मूर्ती सोन्याची व रत्नांनी नटलेली. स्त्रिया अखंड गायन-वादन करीत आहेत. दीप तेवत आहेत. फुले आणि सुगंधी द्रव्ये वाहिली जात आहेत. पंचभारतातील राजे व मोठमोठी घराणी रत्ने पाठवीत आहेत. देशोदेशींचे सहस्रावधी लोक प्रार्थनेस आलेले आहेत. मंदिराच्या चारही बाजूंस तळी आणि फुलबागा असून तेथे कोणीही मोकळेपणाने फिरावे. आणि या सर्वांच्या मधोमध तो एक साधी गोष्ट सांगतो. तेथे एक पुण्यशाळा होती, आणि तीत गोरगरिबांस व रोग्यांस अन्न, पाणी आणि औषध मिळत असे.

कुष्ठमुक्तीच्या कथेवर उभ्या राहिलेल्या देवळापाशी रोग्यांची रीघ लागणार, हे उघडच आहे. कोणी नेत्ररोगी, कोणी त्वचारोगी, कोणी आपल्या माणसांनी टाकलेला. राजाने रत्न वाहिले आणि त्या दारी महारोग्याच्या हातावर भाकरी पडली, असा हा व्यवहार. देवास दिलेले देवाकडून कोठे जाते, याचे इतके निर्मळ उत्तर आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळले.

आमच्या कोकणातही हा विचार अपरिचित नव्हता. कनकादित्याच्या देवळात शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ चा जो ताम्रपट जपून ठेविलेला आहे, त्यात शिलाहार राजा दुसरा भोज याने कशेळी गाव दान दिल्याची नोंद आहे. हेतू कोणता, तर बारा ब्राह्मणांचे भोजन चालावे. मुकुट नव्हे, रत्नहार नव्हे, जेवण. बाराच पाने मांडली हे खरे, आणि त्या पंक्तीत इतरांस जागा नव्हती हेही खरे. मुलतानच्या पुण्यशाळेचे दार त्याहून रुंद होते. असो.

ह्युएनत्संग येऊन गेल्यावर सुमारे सत्तर वर्षांनी, इ. स. ७१३ मध्ये, महंमद बिन कासीम मुलतानच्या तटाखाली आला. एका फितुराने नगराचा पाणीपुरवठा दाखवून दिला, तो तोडला गेला, आणि नगर पडले. मंदिराचे सहा हजार सेवक बंदी झाले, असे बलाधुरी हा अरब इतिहासकार लिहितो. त्याने खजिन्याचेही वर्णन केले आहे: दहा हात लांब आणि आठ हात रुंद अशी एक कोठडी, तिच्या छतास एक भोक, आणि त्या भोकातून वाहिलेले सोने वरून आत ओतीत. आजच्या दानपेटीचेच हे थोरले रूप म्हणावयाचे. मुलतानास त्यामुळे अरबांत सोन्याच्या घराची सीमा हे नाव पडले. सिंधच्या स्वारीत सहा कोटी दिरहम खर्चून बारा कोटी मिळाले, असा हिशेब इराकचा सुभेदार हज्जाज याने मांडला, हेही बलाधुरीच सांगतो.

येथे आमचा वाचक मूर्तिभंगाची वार्ता ऐकण्यास मन घट्ट करून बसला असेल. पण मूर्ती भंगली नाही. अल्बेरूणी सांगतो की, हे नगर इतके श्रीमंत कशाने झाले याची कासीमाने चौकशी केली; चोहोंकडून येणारे यात्रेकरू हेच कारण, असे त्यास कळले; आणि मूर्ती जागच्या जागी ठेवणेच हिताचे, असे त्याने ठरविले. उपहासार्थ तिच्या गळ्यात गोमांसाचा तुकडा अडकविला, जवळ मशीद बांधिली, आणि पूजा चालू दिली. हा अपमान वाचून कोणाचेही रक्त तापेल. परंतु आमच्या मते त्याहून दारुण गोष्ट ती पूजा चालू राहिली हीच होय. कारण त्या दिवसापासून यात्रेकरू जे वाही ते अमिराचे होई.

पुढली अडीचशे वर्षे हे असेच चालले. दहाव्या शतकातील इस्तखरीने मंदिराचे जे वर्णन दिले आहे ते एखाद्या कारकुनाच्या टिपणासारखे बारकाईचे आहे. हस्तिदंती वस्तूंचा बाजार आणि तांबटांची दुकाने यांच्यामध्ये, ऐन गर्दीत, मंदिराचा घुमट, घुमटाभोवती सेवकांची बिऱ्हाडे, आत विटांच्या चौथऱ्यावर मांडी घालून बसलेली मूर्ती, दोन्ही हात गुडघ्यांवर, सर्वांग तांबड्या कातड्याने झाकलेले, उघडे फक्त डोळे आणि ते रत्नांचे, मस्तकी सुवर्णमुकुट. आत लाकूड आहे की आणखी काही, हे कोणास पाहू देत नसत. अल्बेरूणी मूर्ती लाकडाची होती असे स्पष्ट म्हणतो. ह्युएनत्संगास सोने दिसले आणि अरबांस कातडे, याचा मेळ कसा घालावयाचा? अलंकारांनी मढलेली मूर्ती परधर्मी भिक्षूने दुरूनच पाहिली असेल, असा आमचा तर्क आहे. आलेल्या उत्पन्नातून अमीर आपला भाग घेई आणि काही सेवकांस वाटून देई, हेही इस्तखरी सांगतो. पुण्यशाळेचा उल्लेख मात्र तो करीत नाही.

वाहिल्या जाणाऱ्या वस्तूंत सर्वांत मोलाचा म्हणजे कामरूपाकडील अगरू. कोठे ब्रह्मपुत्रेचे खोरे आणि कोठे मुलतान! महिनेच्या महिने चालत यात्रेकरू तो आणीत. इ. स. ९१५ च्या सुमारास मुलतान पाहिलेला मसूदी म्हणतो की, या अगरूच्या एका मणास दोनशे दिनार पडत आणि तो इतका मऊ असे की, मुद्रा दाबली तर मेणासारखा ठसा उमटे. (हा अरबी मण, आपला चाळीस शेरांचा नव्हे, त्याहून पुष्कळच लहान.) त्याच काळातील सिराफचा अबू झैद याने यास आणखी एक ओळ जोडली आहे. देवापुढे जाळण्यास म्हणून दिलेला हा अगरू व्यापारी लोक मंदिराच्या सेवकांकडून विकत घेत. कोण्या यात्रेकरूने आयुष्याची पुंजी त्या एका लाकडात घातली असेल, पावसापाण्यातून जिवापलीकडे जपत ते आणिले असेल, पुढे करून डोळे मिटले असतील. आणि डोळे उघडून तो माघारी वळतो तोच मागील दाराने ते लाकूड बाजारात गेले असेल. मगांनी पत्करलेले देवलकाचे कर्म येथवर येऊन पोचले.

आता या कथेतील सर्वांत कटू भाग. कनोजचे प्रतिहार त्या काळी उत्तरेतील सर्वांत प्रबळ राजे. त्यांच्या कुळात रामभद्रासारखा राजा स्वतःस परमादित्यभक्त म्हणवून घेणारा झाला. मुलतान घेणे त्यांस अशक्य होते असे नाही. परंतु मसूदी आणि इस्तखरी हे दोघेही एकच हकीकत सांगतात: हिंदूंचे सैन्य चालून आले, की मुलतानकर मूर्ती बाहेर काढीत आणि ती फोडून जाळून टाकण्याचा धाक घालीत, तो पाहून सैन्य परत फिरे. एरवी त्यांनी मुलतान धुळीस मिळविले असते, असे इस्तखरी स्वतःच कबूल करितो. म्हणजे देव ओलीस होता, आणि त्या ओलिसाचा रोजचा खर्च भक्तच चालवीत होते.

त्या सेनापतींस भ्याड म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही ते म्हणणार नाही. मातेच्या गळ्यावर सुरी ठेवलेली पाहून ज्याचे पाय अडखळणार नाहीत, त्याने त्यांस बोल लावावा. मात्र एक दोष लावावयाचा तर तो आपण दक्षिणेकडच्यांनी प्रथम स्वतःस लावून घ्यावा. कनोजच्या राजाच्या चार दिशांस चार सेना असून, उत्तरेची मुलतानच्या अमिराशी लढे आणि दक्षिणेची मानकीरच्या बल्हाराशी, असे मसूदी लिहितो. मानकीर म्हणजे मान्यखेट. बल्हारा म्हणजे आमचे राष्ट्रकूट, वेरूळचे कैलासलेणे कोरविणारे तेच घराणे. मसूदी मुलतानास गेला त्याच सुमारास, इ. स. ९१६ च्या आगेमागे, राष्ट्रकूट तिसरा इंद्र याने यमुना ओलांडून कनोज उद्ध्वस्त केले, आणि खंभातच्या ताम्रपटात त्याचा मोठा गौरव झाला. ती दक्षिणेची सेना मोकळी असती तर काय झाले असते, हा विचार कैलासाच्या आवारात उभे असताना आम्हांस शिवल्यावाचून राहिला नाही.

मात्र याच राष्ट्रकूटांच्या राज्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या काळातील ताम्रपट सापडला आहे. त्यावरून संजाणच्या मंडलावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब मुसलमान, अधिकारी होता असे दिसते. मधुमती हे महंमद या नावाचेच संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने नदीवर फुकट नावेची सोय केली, संजाणात अन्नसत्र घालून भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळेल असे केले, आणि देवीच्या एका मठास दान देवविले. मुलतानचा अमीर भक्तांचा अगरू मोजून घेत होता त्याच पिढीत त्याचाच धर्मबंधू कोकणकिनाऱ्यावर वाटसरूंच्या पानात तूप वाढवीत होता. धर्माच्या नावाची चिठ्ठी लावून माणसांची मापे काढू नयेत, म्हणून आम्ही वर्गात सांगत असू. त्यास हा ताम्रपट मोठाच आधार वाटतो.

मूर्तीचा अंत झाला तोही परक्या स्वारीत नव्हे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलतान इस्माइली पंथाच्या हाती गेले. त्यांचा पुढारी जलम बिन शैबान याने मूर्तीचे तुकडे केले आणि पुजाऱ्यांस ठार मारिले. कासीमाच्या वेळची जुनी मशीदही त्याने, उमय्या खलिफांच्या द्वेषाने, बंद करून टाकिली. उत्पन्नाचा मोह त्यास नसावा. आणि कासीमाने ज्या हिशेबाने मूर्ती राखिली तो हिशेब संपताच मूर्तीही संपली. पुढे गझनीच्या महमुदाने १००६ साली मुलतान जिंकिले व इस्माइलींची सत्ता मोडिली.

त्यानंतरही कोणीतरी मूर्ती पुन्हा बसविली असावी. शिवछत्रपतींच्या सुरतेवरील स्वारीचा वृत्तान्त देणारा फ्रेंच प्रवासी थेव्हनो, १६६६ साली हिंदुस्थानात आला होता. त्याच्या ग्रंथात मुलतानच्या देवळातील तांबड्या कातड्याने झाकलेल्या, मोत्यांच्या डोळ्यांच्या मूर्तीचे वर्णन आहे, आणि तिजपुढील भेटी तेथील सुभेदार घेतो हेही त्यात आहे. इस्तखरीनंतर सातशे वर्षांनी तीच ओळ! एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी मुलतानच्या किल्ल्यात शोध केला तेव्हा मात्र दाखविण्याजोगे काही उरले नव्हते. त्याच किल्ल्यातील प्रल्हादपुरीचे देऊळ हे नृसिंहाचे; सूर्यमंदिर म्हणून कित्येकदा त्याचेच चित्र छापतात, ते चूक आहे. तेही १९९२ साली पाडण्यात आले.

परंतु या साऱ्या वृत्तान्तांत आमचे मन पुनःपुन्हा अल्बेरूणीच्या ग्रंथापाशी जाऊन थांबते. त्याने तो इ. स. १०३० च्या सुमारास लिहिला. तेव्हा जलमाने आपल्या वाड्याची केलेली मशीदही ओसाड झाली होती, आणि तिच्या मोकळ्या जागेत लोक मेंदीच्या जुड्या बांधीत बसत. मूर्ती नव्हती, सुवर्णमुकुट नव्हता, छताला भोक असलेली कोठडी नव्हती, आणि त्यामुळे अमिराने घेण्यासारखेही काही नव्हते. तरी मुलतानचे हिंदू त्या काळीही वर्षातून एक दिवस सूर्याची पूजा करून उत्सव करीत, असे तो लिहितो. त्या उत्सवाचे नावही त्याने दिले आहे: सांबपुरयात्रा. त्या दिवशी ते काय वाहात असत, हे त्याने लिहिलेले नाही. आम्ही पुतण्याच्या कन्येस हा लेख वाचून दाखविला, तेव्हा ती म्हणाली, "पाणी वाहात असतील." रथसप्तमीच्या पहाटे अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातले दूध उतू जाईपर्यंत थांबावयाचे, हे काम आमच्या घरी सध्या तिच्याकडे आहे.